मथीची हजेरी

फिल्म दाखवली की पोरं शिकतात म्हणता? मग मुर्धा गावचं ऐका. पासष्ट-सहासष्ट साल असेल, मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. सरकारी व्हॅन आली, आम्ही खिडक्यांना गोणपाटं लावली आणि देशाच्या पहिल्या राष्ट्रपतींची फिल्म झाली. खेड्यातला मुलगा शिकून केवढा मोठा झाला, अशी. व्हॅनबरोबर आलेल्या साहेबांच्या सगळ्या प्रश्नांना तिसरीतल्या मथीने उत्तरं दिली.

पुढच्या वर्षी तीच व्हॅन, तीच फिल्म, तेच साहेब.

"ती हुशार मुलगी कुठाय?"

"दिवाळीपासून मिठागरावर आहे, साहेब. टोपल्या वाहते."

"मग बोलवून घ्या. आज मोठे साहेब आलेत."

मीच जाऊन तिला आणलं. पाय मिठाने फुटलेले. पण एकही उत्तर चुकली नाही.

मोठे साहेब खूश झाले. "बघा, हा फिल्मचा परिणाम."

मथीने मला हळूच विचारलं, "गुरुजी, आता जाऊ? मुकादम वाट बघत हाय."

मी म्हटलं, जा.

पट घसरू नये म्हणून मी तिचं नाव काढलंच नव्हतं, रोज हजर लिहायचो. त्या दिवशीही लिहिलं. दिवाळीनंतरची तिची तेवढी एकच हजेरी खरी होती.