सुध्याच्या गाडीचा बॉयलर

आमचा सुध्या तुम्हाला माहीतच आहे, गंजलेलं लोखंड दिसलं की त्याला पाझर फुटतो. अठ्ठ्याण्णव साली दिंडोरीला सासऱ्यांच्या शेडमध्ये त्याला वाफेवर चालणारी जुनी मोटार सापडली. सासरे म्हणाले, "न्या की, आमची अडगळ जाईल." नाशिकला आणून बघतो तर बॉयलरच गायब! विलायतेला जुन्या गाड्यांच्या क्लबाला पत्र टाकलं. उत्तर आलं, बॉयलरवरचा नंबर कळवा, गाडीचा सगळा इतिहास सांगतो.

दोन वर्षं पठ्ठ्याने भंगारवाले पालथे घातले. सासऱ्यांना मात्र विचारलं नाही, जावयाचा मान आडवा आला ना!

मग दिवाळीला सासरी चहा घेताना बायकोच्या तोंडून बॉयलरचा विषय निघाला, तेव्हा सासूबाईंनीच विचारलं, "बॉयलर म्हंजी काय वो, जावईबापू?"

"तांब्याचं पिंप असतं. मधे जाळ, भोवती पाणी."

"आवं, मंग आत्ता आंघोळ कशाच्या पाण्यानं केली?"

सुध्या कप टाकून न्हाणीघरात पळाला. बंबाला चारी बाजूंनी चाचपलं, पण नंबर कुठेच दिसेना.

"व्हते ना इंग्रजी आकडे," सासूबाई अभिमानाने म्हणाल्या. "तीस वर्सं चिंच लावून घासलं, तवा कुठं गेले!"