पूर्ण नाव

(दौंड. रेल्वे कॉलनीमागच्या गल्लीत दबोराबाईंच्या घराची ओसरी. दबोराबाई, चाकाच्या खुर्चीत भाग्यश्री आणि सकाळीच पाबळहून आलेला तिचा थोरला भाऊ रोहिदास.)

रोहिदास : म्हंजी भर बाजारात? समद्या गर्दीत? ही खुर्ची घेऊन?

दबोरा : मग काय, खुर्ची घरी ठेवून नेऊ तिला?

रोहिदास : चेष्टा नका करू, दबोराबाई. माझ्या वैष्णवीचं लगीन जमत आलंय, निस्ती तारीख काढायची राहिलीया. आन् पाटसच्या पाव्हण्यांची आत्या तितंच भाजी घेत व्हती. तिनं घरी जाऊन इचारलं, ती खुर्चीतली पोरगी पाबळच्या जाधवांची कोण? आम्ही त्यांना बहीण हाय म्हणून सांगितलंच न्हवतं!

दबोरा : ही पाबळची, हे त्या बाईला कसं कळलं?

भाग्यश्री : मी... सांगितलं.

रोहिदास : काय म्हणती ती?

दबोरा : तिला विचारा. मी मधे बोलणार नाही.

रोहिदास : मला तिचं बोलणं उमगत न्हाई.

दबोरा : चार वर्षांमागं मलाही उमगत नव्हतं. थांबून ऐकलं की येतं.

भाग्यश्री : भाजीवालीनं... विचारलं, नाव काय. मी पूर्ण सांगितलं. भाग्यश्री... मारुतराव... जाधव. पाबळ.

रोहिदास : गावासकट? कशापायी?

भाग्यश्री : माझं हाय... म्हणून.

रोहिदास : बरं. झालं ते झालं. म्या सोय केलीया. नगरच्या पुढं एक आश्रम हाय. मोठं कंपाउंड, समदं आतल्या आत, बाहेर यायचं कामच न्हाई. गाडी कोपऱ्यावर उभी हाय. तिची कापडं भरा.

दबोरा : नाही भरणार.

रोहिदास : म्हंजी? म्हैन्याच्या म्हैन्याला पैसे कोण देतं तुम्हाला?

दबोरा : तुम्ही देता. मी घेते, आणि घेताना लाजत नाही. बावीस वर्षं दवाखान्यात आया होते, तिथंही पगारच घेत होते. पण हिला सांभाळायचे पैसे घेते, रोहिदासभाऊ. लपवायचे नाही.

रोहिदास : मग बंद करतो.

दबोरा : करा. मधल्या खोलीत एखादी आजी आणीन, दोघींचं बघीन. हिची कॉट जागची हलणार नाही.

रोहिदास : तुम्ही कोण लागता तिच्या? मी सख्खा भाऊ हाय!

दबोरा : कोणीच लागत नाही. म्हणून तर मी काही ठरवत नाही तिचं. तुम्हीही ठरवू नका. एकतीस वर्षांची बाई आहे ती.

रोहिदास : तिला काय कळतंय!

भाग्यश्री : कळतं. नगरला... न्हाई जाणार.

रोहिदास : भागू, ऐक. आई गेली तवा तुला वाऱ्यावर सोडली का म्या? तुझी वहिनी कंबरंनं अडलेली, तुला उचलायला घरात माणूस न्हवतं, म्हणून हितं आणली. पण आता पोरीचं लगीन मोडंल. लोक म्हणतील, ह्यांच्या रक्तातच हाय. उद्या वैष्णवीला असलंच लेकरू झालं तर?

दबोरा : रक्तात नाही. जन्मताना नाळ गळ्याला अडकली, रडायला उशीर झाला. तिच्या फाइलमध्ये लिहिलंय.

रोहिदास : लोक फाइल वाचायला येत्यात व्हय? त्यो पोरगा न्हाई म्हणाला म्हंजी?

भाग्यश्री : सत्यजीत... न्हाई म्हणत नसतो.

रोहिदास : तुला त्याचं नाव कुणी सांगितलं?

भाग्यश्री : त्यानंच. आला होता.

रोहिदास : कुठं आला होता?

भाग्यश्री : हितं. वैष्णवी... घेऊन आली.

रोहिदास : दबोराबाई, ही काय बोलती?

दबोरा : स्वच्छ तर बोलली.

रोहिदास : अवो, वैष्णवी शिरूरला क्लासला जाती!

दबोरा : जात असेल. पण महिन्यातून एकदा इथं येते. आत्याचे केस धुते, नखं काढते, दोघी मोबाइल बघत बसतात. मागच्या खेपेला त्याला घेऊन आली. म्हणाली, आधी माझ्या आत्याला भेटा, मग काय ते सांगा.

रोहिदास : आन्... त्यो?

भाग्यश्री : बसला. बोलला. कळंना त्याला... चारदा विचारलं. कंटाळला न्हाई.

दबोरा : पाचव्यांदा कळलं, तेव्हा दोघंही हसत सुटली.

रोहिदास : काय सांगत व्हतीस त्याला?

भाग्यश्री : म्हटलं... आमची पोरगी तिखट हाय. बघा बाबा.

रोहिदास : मला एका शब्दानं बोलली न्हाई कारटी.

दबोरा : भ्यायली तुम्हाला. मी म्हटलं तिला, घरी सांग. तर म्हणाली, अण्णा आत्याला इथून हलवतील. आज गाडी घेऊन आलात ना?

रोहिदास : म्या त्या लोकांना बैठकीत सांगितलंय, मी एकटाच म्हणून. पोरानं ते ऐकून घेतलं आन् गप बसला. आता कोणत्या तोंडानं जाऊ?

दबोरा : ह्याच तोंडानं. जड जाईल. पण जा.

रोहिदास : तुमचं काय जातंय बोलाया!

दबोरा : माझं काहीच जात नाही. जायची वेळ आली होती ती हिची.

भाग्यश्री : दादा.

रोहिदास : बोल.

भाग्यश्री : लग्नात... मी... मंडपात...

रोहिदास : परत सांग. ऐकतोय म्या. घाई करू नगंस.

भाग्यश्री : लग्नात मी... पुढं बसणार. स्टेजपाशी. मागं न्हाई.

रोहिदास : स्टेजपाशी? समद्या पाव्हण्यांम्होरं?

भाग्यश्री : आन् कुणी विचारलं... तर नाव... मीच सांगणार.

रोहिदास : दबोराबाई, ही खुर्ची घडी होती का? डिकीत बसवावी लागंल त्या दिवशी.