पाव इंचाचं प्रस्थान

मंडळी, कीर्तनाला उभं राहण्याआधी मी तुमच्या या लक्ष्मीनारायणाच्या देवळात एक फेरी मारली. मोजत मारली! बाहेर कमानी तीन. कमानींवर फोटो सव्वीस. सव्वीसात देवाचा एक — तोही खाली कोपऱ्यात, मांडववाल्याच्या फोन नंबरला टेकून! आत 'राखीव' असं लिहिलेल्या खुर्च्या बारा. त्यांतल्या रिकाम्या — बारा! सेक्रेटरींच्या खोलीत शाली एकोणीस, नारळ एकोणीस. आणि सभामंडपाच्या मधोमध, लाल मखमलीत गुंडाळलेली, देवाच्या डोक्यावर छत म्हणून केलेली नवी सागवानी मेघडंबरी — एक.

मी अध्यक्षांना विचारलं, "बघू का हो जरा?"

"बुवा, हात लावू नका! उद्या सकाळी पाहुण्यांच्या हस्ते मखमल निघणार. सुताराकडून आली तशीच ठेवलीय. आम्हीसुद्धा उघडलेली नाही."

बरं! मी मखमल उचलली नाही. नुसता भोवतीनं फिरलो, गाभाऱ्याच्या दारापर्यंत गेलो, आणि येऊन उभा राहिलो.

आता प्रश्न. देवाकडे जायची तयारी, आणि देवाकडे जाणं — या दोन गोष्टी एकच आहेत का? सांगा! मान डोलावू नका, उत्तर द्या! नाही देत? ठीक. मग आख्यान ऐका.

विलायतेत एक गाव आहे. नाव सांगत नाही — लगेच सहल काढाल! त्या गावाबाहेर एक हिरवं मैदान, आणि मैदानात लोखंडी रूळ. केवढे? वीतभर रुंदीचे! त्यावर इंजिनं — तुमच्या गुडघ्याएवढी. पण खेळणी नव्हेत हो! कोळसा घालायचा, पाणी भरायचं, वाफ धरली की शिट्टी — आणि निघालं! मागे फळ्यांचे डबे. त्यावर मोठी मोठी माणसं घोड्यावर बसल्यासारखी पाय टाकून बसतात. वर्षातून एकदा देशोदेशीची माणसं आपापलं इंजिन घेऊन तिथे जमतात. दोन दिवस धूर, वाफ, शिट्ट्या — बास!

तुम्ही म्हणाल, बुवा, हा पोरखेळ देवाच्या दारात कशाला? अहो, माणूस सगळं सोडून वर्षानुवर्षं एकाच गोष्टीपुढे मान खाली घालून बसतो, ती भक्ती नाही तर काय? तुम्ही माझ्या कीर्तनात मान खाली घालता, ती फोनसाठी!

तर मिरजेत एक होते डॉक्टर श्रीपाद गलगली. दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांच्या दाढा, आणि घरी आले की मागच्या पडवीत लोखंड कातायचा लेथ! अमेरिकेतून नकाशे मागवले आणि त्यावरून एक वाफेचं इंजिन बांधलं. चाकं स्वतः कातली, बॉयलर स्वतः जोडला. नाव काय दिलं? 'वत्सला' — बायकोचं! वत्सलाकाकू शाळेतल्या निवृत्त बाई, बोलायला कडक. त्या म्हणायच्या, "नाव माझं, आणि तेलपाणी तिचं!"

इंजिन पुरं होत आलं, आणि डॉक्टरांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "गेलेली नजर परत येत नाही, आणि उरलेलीही फार टिकायची नाही. जे पाहायचंय ते लवकर पाहून घ्या."

काकूंनी विचारलं, "काय पाहायचंय तुम्हाला? काशी? हिमालय?"

डॉक्टर म्हणाले, "आपली वत्सला रुळावर धावताना पाहायचीय. त्या मैदानात. एकदाच."

मंडळी, किती छोटं मागणं! डोळे आहेत तोवर स्वतःचं इंजिन रुळावर पाहायचं. पेटी भरा, बोटीवर चढवा, मागनं विमानानं जा — संपलं! पण आपण माणसं कोण? आपल्याला नुसतं जाता येत नाही. आपलं मंडळ लागतं!

मिरजेत होतंच एक — 'कृष्णाकाठ लघुरेल्वे मंडळ'. अध्यक्ष अप्पासाहेब कोटिभास्कर. अंगावर जाकीट, खिशात दोन पेनं, दोन्ही न लिहिणारी! मंडळाकडे रूळ होते का? छे! एक फूटसुद्धा नाही! मंडळाची जागा होती, आणि जागेवर सिमेंटची भली मोठी कमान होती. डॉक्टर एकदा म्हणाले, "अप्पासाहेब, चार रूळ तरी टाकू. इंजिन चालवून बघता येईल." तर म्हणाले, "डॉक्टर, रूळ काय, कधीही टाकता येतात. आधी प्रवेशद्वार पाहिजे!"

हसू नका. तुमच्या तीन आहेत!

अप्पासाहेबांनी जाहीर केलं — डॉक्टर एकटे जाणार नाहीत, मिरजेचं शिष्टमंडळ जाणार! झालं! बैठका सुरू. पहिली बैठक — बॅनर मराठीत की इंग्रजीत? दुसरी — अंगात कोट घालायचा की नेहरू शर्ट? तिसरी — लाडू बेसनाचे न्यायचे की रव्याचे? या विषयावर, मंडळी, दोघांनी राजीनामे दिले! चौथी — तिथल्या यजमानांना शाल आधी द्यायची की नारळ? आणि प्रत्येक बैठकीत शेवटचा विषय एकच: तिकडच्या रुळांचं माप विचारणे. आणि प्रत्येक बैठकीचा शेवटही एकच: वेळेअभावी पुढे ढकलला!

डॉक्टर दर वेळी उभे राहायचे. "अहो, या छोट्या रुळांची मापं दोन आहेत. अमेरिकेत साडेसात इंच चालतं, विलायतेत बऱ्याच ठिकाणी सव्वासात. मी अमेरिकेच्या नकाशावरून साडेसातचं बांधलंय. तिकडे सव्वासात निघालं तर चाकं आसावर आत सरकवायला हवीत. माझ्या लेथवर अर्ध्या दिवसाचं काम. फक्त एक फोन करून विचारा."

अप्पासाहेब हसले. "डॉक्टर, पाव इंचानं काय होतंय हो? मन मोठं पाहिजे!"

टाळ्या! मंडळी, टाळ्या पडल्या!

आता मी विचारतो — डॉक्टरांच्या घरी फोन नव्हता? होता! जीभ नव्हती? होती! मग स्वतःच का नाही विचारलं? तर म्हणे, "परदेशाशी बोलणं सेक्रेटरींकडे आहे. मी परस्पर कसा करू?" वा! नजर चाललीय आपली, आणि मान राखायचा सेक्रेटरींचा! अप्पासाहेबांवर हसायला सोपं आहे हो. हे डॉक्टरही कमी नव्हते. सत्काराच्या खुर्चीत बसवलं की ताठ बसायचे, आणि शालीची घडी मोडू द्यायचे नाहीत.

पुढे काय झालं? बोटीची तारीख आली. गुरुजींनी पंचांग काढलं — दिवस वाईट! मग? मग आपल्याकडे सोय आहे. प्रस्थान ठेवायचं! तरुण मंडळींना ठाऊक नसेल, सांगतो. निघायच्या दिवशी मुहूर्त नसला, तर चांगल्या दिवशी आपलं थोडं सामान दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे आपण निघालो असं धरायचं! आपण घरीच, चहा पितोय, पण निघालोय! माझी आजी सुपारी ठेवायची, रुमालात बांधून. सुटसुटीत! पण सुपारी ठेवली तर बातमी छापून येत नाही ना! अप्पासाहेब म्हणाले, "प्रस्थान साक्षात इंजिनाचं!"

निघाली मिरवणूक! ताशा, लेझीम, आमदार! वत्सला इंजिन हातगाडीवर, वर जरीचं वस्त्र, धुराड्यात निशिगंधाचा हार! डॉक्टरांच्या घरून निघालं, अप्पासाहेबांच्या ओसरीवर बसलं. दोन चौक अंतर!

वत्सलाकाकूंनी लाडू वळले नव्हते, ओवाळलं नव्हतं. मिरवणूक परतल्यावर त्यांनी फोन उचलला, आणि शाळेतल्या इंग्रजीत सरळ विलायतेला विचारलं, "तुमच्या रुळांची रुंदी किती?" पलीकडच्या माणसानं शांतपणे सांगितलं — सव्वासात इंच.

किती वेळ लागला? चहा उतू जाईपर्यंतसुद्धा नाही!

काकू नवऱ्याला घेऊन तडक अप्पासाहेबांच्या ओसरीवर. "अप्पासाहेब, इंजिन द्या. दुपारी नेतो, संध्याकाळी आणून ठेवतो. चाकं सरकवायचीत."

अप्पासाहेब दचकले. "वहिनी, भलतंच! प्रस्थान ठेवलेली वस्तू परत घरात नेत नाहीत. प्रवास मोडतो!"

"चाकं रुळावर बसली नाहीत तर कसला प्रवास?"

"अहो, पण आमदार नारळ फोडून गेलेत! उद्या फोटो छापून येणार! आता ते परत गेलं तर गाव काय म्हणेल?"

"गाव चालवणार आहे का इंजिन?"

"वहिनी, विलायतेत लेथ नसतात का? तिथे बघू!"

काकू नवऱ्याकडे वळल्या. "अहो, तुम्ही बोला की! जन्मभर लोकांना सांगत आलात, तोंड उघडा, तोंड उघडा! आज स्वतःचं उघडा!"

आणि डॉक्टर? डॉक्टरांनी जरीच्या वस्त्रावरून हात फिरवला. म्हणाले, "जाऊ दे गं. एवढं सगळ्यांनी केलंय. तिथे बघू."

तिथे बघू! मंडळी, या दोन शब्दांवर आपण आख्खा जन्म काढतो. कीर्तन संपल्यावर बघू, मुलगी उजवली की बघू, पेन्शन बसली की बघू. वाजवा हो तबलजी, माझीच ओवी आहे, बेताची आहे —

साज चढविला । हारही घातला ।
चाक ना बसला । रुळावरी ॥

'बसला' चुकलं, 'बसले' पाहिजे! बघा, तुम्ही एकानं तरी टोकलं का? माना डोलावल्यात! अप्पासाहेबांच्या सभेतही असंच झालं!

गेली मंडळी विलायतेला. मेळावा दोन दिवसांचा. पहिला दिवस बॅनर लावण्यात गेला, फोटोत गेला, यजमानांना शोधून शाल घालण्यात गेला. यजमान उंच म्हातारा गृहस्थ, हात कोळशानं काळे. त्याला कळेना, आपण इंजिनात पाणी भरत असताना हे लोक आपल्याला पांघरूण का घालतायत! दुसऱ्या दिवशी दुपारी वत्सलाची पेटी उघडली. अप्पासाहेबांनी वीस मिनिटं भाषण केलं. मग चौघांनी उचललं इंजिन, रुळांवर धरलं, सोडलं —

नाही बसलं.

डाव्या बाजूचं चाक बसवलं तर उजवं रुळाच्या डोक्यावर. उजवं बसवलं तर डावं वर. त्या म्हाताऱ्यानं वाकून पाहिलं, खिशातली पट्टी लावली. मान हलवली. म्हणाला, "इंजिन सुंदर आहे. पण माझा लेथ घरी, खूप लांब आहे, आणि मेळावा आज संपतोय. इथे ठेवून जा. मी चाकं सरकवतो. पुढच्या वर्षी या आणि चालवा."

पुढच्या वर्षी!

अप्पासाहेब म्हणाले, "उत्तम! पुढच्या वर्षी मोठं शिष्टमंडळ आणू!"

डॉक्टर गवतावर बसले. शेजारी वत्सला इंजिन, धुराड्यात नवा हार. समोरून गाड्या जात होत्या, शिट्ट्या मारत. काकू उठल्या. नऊवार नाही हो, साधी साडी, पायात कॅनव्हासचे बूट. त्या म्हाताऱ्याच्या गाडीवर पाय टाकून बसल्या आणि तीन फेऱ्या मारून आल्या. डॉक्टर डोळे बारीक करून बघत होते. मैदान आता त्यांना कडेनं काळं दिसायचं, मधलं तेवढं उरलेलं. त्या मधल्या तुकड्यातून बायको जायची, यायची, जायची.

काकू परत आल्या. डॉक्टरांनी विचारलं, "कसं वाटलं?"

काकू म्हणाल्या, "छान. पण सारखं मनात येत होतं, आपल्या वत्सलाची शिट्टी कशी असेल."

डॉक्टरांनी इंजिनाच्या शिट्टीवरून बोट फिरवलं. तोंड उघडायची वेळ मिरजेत होती.

त्या म्हाताऱ्यानं शब्द पाळला. चाकं सरकवली. पुढच्या उन्हाळ्यात वत्सला त्या मैदानात धावली, माणसं ओढून धावली. काकूंच्या मुलीनं त्या म्हाताऱ्याला फोन लावला, आईवडिलांना चालतं चित्र दाखवायला. काकूंनी पाहिलं. डॉक्टरांनी ऐकलं. नजर तोवर गेली होती.

बोला, लक्ष्मीनारायण भगवान की — जय!

जोरात बोललात. छान. मघाशी अप्पासाहेबांना हसलात, तेही जोरात. कमान आधी आणि रूळ नंतर, म्हणून हसलात. मखमल न उचलणाऱ्यांनी हसावं? देव आत उभा आहे, आणि तुम्ही बाहेर बारा खुर्च्या धरून बसलायत, त्यांनी हसावं? ही सागवानी मेघडंबरी कोणासाठी केलीत — देवासाठी की मखमल काढणाऱ्या हातासाठी? देवासाठी केली असती, तर तुमच्यातला एक जण तरी एकदा देवाच्या दाराशी पट्टी घेऊन गेला असता!

अध्यक्ष, रागावू नका. मघाशी भोवतीनं फिरलो तेव्हा माझ्या हातात मोजपट्टी होती.

मेघडंबरी चारी बाजूंनी सारखी आहे, मखमलीवरूनच चाचपून पाहिलं, सांधे पक्के आहेत, सुटी होत नाही. उद्या सकाळी आठ वाजता ती गाभाऱ्यात न्यायची आहे. मेघडंबरीची रुंदी, मखमलीची जाडी वजा जाता, चौतीस इंच. गाभाऱ्याचं दार एकतीस.