कनातीमागून कोण आलं

आजी : खरं सांगते डॉक्टर, अक्षर न् अक्षर खरं! माझ्या उरलेल्या सात दातांची शपथ! यात एक शब्द खोटा निघाला, तर ते सातही तुमच्या ह्या स्टीलच्या टेबलावर पडू देत!

नात : डॉक्टर, तिला पाचच दात आहेत.

आजी : दोन मागे आहेत. तुला दिसत नाहीत.

डॉक्टर : आजी, दात राहू द्या. रविवारी त्या डॉग शोमध्ये तुमच्या ह्या कुत्र्याने, कारकुनाने, काय खाल्लं, एवढंच मला हवंय. आज बुधवार. तीन दिवस हा अन्नाला तोंड लावत नाही, पाणी चमच्याने पाजावं लागतंय. पोट दाबून पाहिलं, दुखत नाही. ताप नाही. एक्स-रेत काही अडकलेलं दिसत नाही. आत्तापुरती सलाइन लावलीय. मग एक तर काहीतरी खाल्लं असणार, नाहीतर काहीतरी घडलं असणार.

आजी : घडलं ना! तेच सांगतेय, तर ही मध्ये तोंड घालते.

नात : कारण तुझ्या गोष्टीवरून त्यांना औषध ठरवायचंय. डॉक्टर, हिने शेजारच्या काकूंना सांगितलंय की आमच्या कारकुनाने चोर पकडला आणि त्याचा जबाब लिहून घेतला. त्या अजून चार जणींना सांगतात.

आजी : मग? त्यांच्या दुपारी छान जातात. कोणाचं काय बिघडलं?

डॉक्टर : इथं बिघडेल. पहिल्यापासून सांगा, आणि जसं झालं तसं.

आजी : पहिल्यापासून म्हणजे सहा वर्षं मागे जावं लागेल. आमचे हे घड्याळजी. जन्मभर डोळ्याला भिंग लावून दुकानात बसले. ना पत्ते, ना तंबाखू. वेड एकच, शाळेच्या मैदानावरचा तो डॉग शो. वर्षातून एकदा. आदल्या दिवशी कारकुनाला आंघोळ, सकाळी माझ्या कंगव्याने त्याचा भांग...

नात : हे खरं आहे. तोच कंगवा ही अजून वापरते.

आजी : चांगला आहे की. तर तिथं पोचायचं, दंडाला नंबर बांधायचा आणि अर्धा दिवस उन्हात उभं राहायचं. शेजारी ती सलूनवाली. तिच्या एवढ्याश्या कुत्रीला छत्री, पंखा, चार क्लिपा. माझ्या लग्नात मला एवढं नटवलं नव्हतं. आणि पंच! एका वर्षी आलेल्या पंचांना कुत्र्याच्या केसांचीच ॲलर्जी. शिंकत शिंकत गुण देत होते. ज्याच्यापाशी कमी शिंका, तो पहिला.

डॉक्टर : आजी...

नात : नाही डॉक्टर, हे पण खरं आहे. मी होते त्या वर्षी. बिनकेसाचा कुत्रा जिंकला.

आजी : बघा. लोकांना माझं खरंच खोटं वाटतं. अर्जावर एक रकाना असतो, 'जात'. हे इमानदार, दर वर्षी लिहायचे, 'सांगता येत नाही'. एकदा मी हळूच लिहिलं, 'बर्फाळ डोंगरावरचा, राजघराण्यातला.' पंचांनी कारकुनाकडे पाहिलं. एक कान उभा, एक पडलेला, शेपटी उसनी आणल्यासारखी. मला म्हणतात, 'आजी, राजघराणं आईकडून की वडिलांकडून?'

डॉक्टर : म्हणजे रूपाच्या स्पर्धेत काही जमलं नाही.

आजी : रूपात पहिल्या फेरीला बाहेर. ह्यांचा जीव दुसऱ्याच स्पर्धेत. 'बस-थांब'. सगळ्या कुत्र्यांना एका रांगेत बसवायचं, 'थांब' म्हणायचं आणि मालकांनी कनातीमागे जाऊन उभं राहायचं. तीन मिनिटं. मालक दिसत नाही, आवाज येत नाही. जो जागचा हलला, तो बाद.

डॉक्टर : आणि हा हलायचा.

आजी : पाचही वर्षं! दोन मिनिटं जेमतेम व्हायची की कनातीखालून ओलं नाक आत. थेट ह्यांच्या बुटावर. सगळं मैदान हसायचं. तो बेकरीवाला, ज्याचा बॉक्सर दर वर्षी कप न्यायचा, तो म्हणायचा, 'काय हो घड्याळजी, गावाची घड्याळं लावता, आणि घरचं तीन मिनिटं चालत नाही?' हे म्हणायचे, 'चालतं हो. थोडं पुढे आहे इतकंच.'

नात : आणि घरी आले की सराव. कारकुनाला न्हाणीघराच्या दारात बसवायचं, आजोबा स्टॉपवॉच घेऊन आत. मला कामावर जायला उशीर होतोय आणि आतून आवाज, 'एक मिनिट चाळीस! कोणी बोलू नका!'

आजी : हसतेस काय. तू पण चोरून मोजायचीस.

डॉक्टर : पाच वर्षं म्हणालात. हे सहावं.

आजी : हो. हे सहावं.

नात : आजोबा पाच महिन्यांपूर्वी गेले, डॉक्टर.

डॉक्टर : कळलं होतं मला. माझं भिंतीवरचं घड्याळ त्यांच्याकडेच होतं दुरुस्तीला.

नात : ॲम्ब्युलन्स आली तेव्हा हा स्ट्रेचरच्या मागे धावायला लागला. आजोबांनी मान वळवली आणि म्हणाले...

आजी : ते कशाला सांगतेस?

नात : त्यांना सगळं कळायला नको? म्हणाले, 'बस. थांब.' हा दारात बसला. आजोबा परत आले नाहीत. हा दोन दिवस दारातून उठला नाही. माणसं भेटायला यायची, ती ह्याला ओलांडून आत यायची.

डॉक्टर : जेवला होता तेव्हा?

नात : नाही. पण तिसऱ्या दिवशी आपणहून उठला. मग खायला लागला, पोस्टमनवर भुंकायला लागला. आम्हाला वाटलं, गेलं त्याच्या डोक्यातून.

डॉक्टर : मग यंदा परत तिथं न्यायचं कोणाच्या डोक्यात आलं?

आजी : माझ्या. आणखी कोणाच्या? ह्यांच्या दुकानातला खण आवरत होते. यंदाचा अर्ज सापडला. ह्यांनी आधीच भरून ठेवला होता. वाटाण्याएवढ्या अक्षरात. नाव, वय, वजन. आणि जातीच्या रकान्यात लिहिलं होतं, 'हिला विचारा'.

नात : हे मला नव्हतं सांगितलंस.

आजी : सगळंच सांगायचं असतं का? तर मी म्हटलं, जाऊ या. एकदा कप आणू या आणि दुकानात ठेवू या. बेकरीवाल्याचं तोंड एकदा तरी बंद व्हावं. सकाळी गार होतं, म्हणून ह्यांचा तपकिरी कोट बरोबर घेतला. दर वर्षी हे तोच घालायचे. खिशात अजून बिस्किटांचा भुगा आहे.

डॉक्टर : कुत्र्याने तो भुगा खाल्ला?

आजी : खाल्ला असता तर मी इथं आले असते का? ऐका. रांगेत नऊ कुत्री. मी कारकुनाला बसवलं. 'थांब' म्हटलं. कनातीमागे गेले. तिथं सगळे मालक श्वास धरून उभे. मी खाली बघतेय, आता नाक येईल, मग येईल. एक मिनिट झालं. दोन झाली. सलूनवालीची कुत्री उठली. बॉक्सर उठला! बेकरीवाल्याने कपाळावर हात मारला. तीन मिनिटं झाली, शिट्टी वाजली, आणि आमचा कारकून जागेवर. पहिला नंबर, डॉक्टर! सहा वर्षांनी!

डॉक्टर : अभिनंदन. मग?

आजी : मग काय. उठेना.

डॉक्टर : म्हणजे?

आजी : बाकीची कुत्री आपापल्या माणसांकडे पळाली. मी बाहेर आले, 'शाब्बास, चल' म्हटलं. तो माझ्या बाजूने मान काढून कनातीकडे बघतोय. बिस्कीट नाकाला लावलं. नाक बाजूला केलं, आणि परत कनातीकडे. कप मिळाला, टाळ्या झाल्या, फोटो काढला. फोटोत मी हसतेय आणि हा पलीकडे बघतोय. पुढे अडथळ्यांची शर्यत होती. त्यांना रिंगण रिकामं पाहिजे. शेवटी लाउडस्पीकरवरून, 'कारकून यांना विनंती आहे की त्यांनी रिंगण मोकळं करावं.' हा ढिम्म. मग त्याला मधोमध ठेवूनच शर्यत झाली. दोन कुत्री त्याच्यावरून उड्या मारून गेली आणि पंचांनी त्याचेही गुण दिले!

डॉक्टर : आजी, मी तुम्हाला खरं सांगायला सांगितलं होतं.

नात : डॉक्टर, मलाही तेच वाटलं. मी बेकरीवाल्या काकांना फोन केला. शर्यत तशीच झाली. गुणही दिले.

डॉक्टर : बरं. उचलून का नाही आणला?

आजी : तिघांनी प्रयत्न केला. गुरगुरला. जन्मात पहिल्यांदा. दुपार झाली, माणसं पांगली. मांडववाले सतरंज्या गुंडाळायला लागले, त्याच्या चारी बाजूंच्या गुंडाळल्या. हा बसलेला. ऊन डोक्यावर. जीभ बाहेर. पाणी ठेवलं तर त्याकडेही बघेना, मान हलवली तर बाद होईन असं वाटत असावं. मांडववाला म्हणाला, 'आजी, आता कनात काढतो.' मी म्हटलं, 'पाच मिनिटं थांब, बाबा.'

नात : इथपर्यंत मला काकांनी सांगितलं. पुढचं विचारलं तर म्हणाले, 'मी तोंड फिरवलं. तुझ्या आजीलाच विचार.'

डॉक्टर : पुढे काय झालं, आजी?

आजी : तुम्हाला माहीत नसेल, मी नकला चांगल्या करते. आमच्या आळीत कोणाचीही चाल मी हुबेहूब करते. ह्यांची तर चव्वेचाळीस वर्षं पाहिलेली. डावा पाय जरा ओढायचा, खांदा पुढे, आणि दोन पावलं टाकली की घसा खाकरायचा. मी ते करून दाखवायचे आणि हे पोट धरून हसायचे.

नात : आजी, तू...

आजी : कोट घातला. कॉलर वर केली. पदर आत खोचला. आणि कनातीमागून तशी चालत आले. घसा खाकरला.

डॉक्टर : आणि तो उठला.

आजी : उठला? अहो, उडाला! बारा वर्षांचा कुत्रा, सकाळी जिना उतरताना कण्हणारा. चारी पाय जमिनीवर नव्हते. असं ओरडत आला ना, कुत्रा असा ओरडतो हे मला ठाऊक नव्हतं. पुढचे दोन्ही पाय माझ्या छातीवर. तोंड कोटात खुपसलं. बाहीत, खिशात, बगलेत. आणि मग वर, माझ्या मानेपाशी आला.

डॉक्टर : हं.

आजी : तिथं थांबला. वास घेतला. शेपटी हलायची थांबली. हळू पाय खाली घेतले.

नात : गुरगुरला?

आजी : नाही गं. गुरगुरला असता तर बरं झालं असतं.

डॉक्टर : त्यानंतर? नीट आठवून सांगा, हे महत्त्वाचं आहे. तुमच्याजवळ आला का परत?

आजी : आला. म्हणजे... मी खाली बसले, हात पुढे केला. त्याने हात चाटला. दोनदा चाटला. मग बेकरीवाल्याने आम्हाला गाडीतून घरी सोडलं. तेव्हापासून हा असा.

डॉक्टर : हात चाटला? नक्की?

आजी : चाटला.

डॉक्टर : मग जमेल. बघा, मला भीती वेगळीच होती. ह्या वयाचा कुत्रा माणसाचा हातच नाकारायला लागला, तर त्याला इथं ठेवून घ्यावं लागतं. रात्रंदिवस सलाइन, नाकातून नळी. त्यातूनही निभावेल की नाही सांगता येत नाही. पण त्याने तुमचा हात घेतलाय, म्हणजे तुमच्यावर त्याचा राग नाही. इथल्या पिंजऱ्यात तो आणखी खचेल. घरी न्या. पातळ अन्न देतो, तुम्ही स्वतः हातावर घेऊन चाटवा. दुसऱ्या कोणी नाही, तुम्हीच. शनिवारी दाखवा.

नात : चल आजी. बघ, म्हटलं नव्हतं होईल बरा? मी रिक्षा बघते.

डॉक्टर : सलाइन आता काढतो मग.

(डॉक्टर सुईवरची पट्टी सोडवू लागतात. कुत्र्याचं तोंड दाराकडे आहे.)

आजी : डॉक्टर. राहू द्या ती सुई.

डॉक्टर : का?

आजी : ठेवून घ्या त्याला. नळी घाला, काय घालायचं ते घाला.

नात : अगं, आता तर ते म्हणाले ना, घरी...

आजी : हात नाही चाटला त्याने.

नात : काय?

आजी : पंचांच्या शिंका खऱ्या. शर्यत खरी. दातसुद्धा सातच आहेत, हवं तर मोजा. तेवढं एकच मी घातलं.

डॉक्टर : मग काय केलं त्याने?

आजी : वळला आणि परत आपल्या जागेवर जाऊन बसला. तोवर मांडववाल्याने कनात सोडून नेली होती. मागे नुसती शाळेची भिंत. तिच्याकडे बघत बसला. मग बेकरीवाल्याने उचलला, तर उचलू दिलं. धुण्याच्या पिळ्यासारखा.

नात : आजी, बस इथं जरा. अगं, बस.

डॉक्टर : बरं केलंत सांगितलंत. ठेवतो मी त्याला. बघू या.

आजी : हात मी पुढे केला होता, डॉक्टर. बराच वेळ. तेवढं खरं आहे.