अ‍ॅबिगेलची पोरं

(दम्माम, सौदी अरेबिया, जानेवारी १९९१. आखाती युद्ध सुरू आहे. विषारी वायूच्या भीतीनं खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या मारलेली खोली. शरफुन्निसा, तिची सून सानिया आणि नात अरवा. अरवा अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्सचं पुस्तक वाचून दाखवतेय.)

शरफुन्निसा : थांब गं. लढाई दारात आली, आणि हिचा नवरा कुठं?

अरवा : फिलाडेल्फियात, दादी. काँग्रेसच्या मीटिंगला. जॉन अ‍ॅडम्स प्रेसिडेंट नंतर झाला. अमेरिकेचा सेकंड.

शरफुन्निसा : म्हणजे बाई पोराचा हात धरून टेकडीवर तोफा बघतेय, आणि हे साहेब भाषणं ठोकतायत!

अरवा : शेती पण अ‍ॅबिगेलच बघायची. आणि ती शाळेत कधीच गेली नव्हती.

शरफुन्निसा : तरीच अक्कल शाबूत राहिली. माझा नवरा बोटीवर होता तेव्हा दाभोळचं घर कोणी धरलं? माझं पुस्तक काढलं का कोणी?

सानिया : अम्मी, शेजारच्या कादिरभाईंची गाडी खाली उभी आहे. जेद्दाला निघालेत. काय सांगू त्यांना?

शरफुन्निसा : जा म्हणावं. इथं राहायचा परवाना, तो इकामा, तुझ्या नवऱ्याच्या, यूनुसच्या खिशात, आणि यूनुस सरहद्दीवर खफजीकडं मालकाचा, त्या कफीलचा पाण्याचा टँकर घेऊन. आपल्या तिघींची नावं त्याच्या त्या एका इकाम्यात. चौकीवर शिपाई काय माझं नाक बघून सोडील?

सानिया : कफीलकडून प्रवासाची चिठ्ठी मिळाली असती...

शरफुन्निसा : तो तर पहिल्या भोंग्यालाच तायफला पळाला. बकऱ्यासुद्धा नेल्यान. माणसं राहिली.

सानिया : कादिरभाई म्हणतात, अरवाला तरी नेतो. त्यांची मुलगी हुमा चिपळूणला नानीकडं आहे, पण त्यांच्या इकाम्यात तिचं नाव आहे. अरवाएवढीच आहे.

शरफुन्निसा : माझी नात दुसऱ्याच्या नावानं? आणि पकडली तर? कादिरची तिकडं तुरुंगात रवानगी, ही मधल्या वाळवंटात. ना हुमा, ना अरवा.

सानिया : आणि इथं काही पडलं तर? मला काही सुचत नाही हो. खफजीला यूनुसना फोनही लागत नाही. त्यांना विचारल्याशिवाय पोर कशी देऊ?

अरवा : अ‍ॅबिगेलनं विचारलं नव्हतं.

सानिया : गप्प बस.

शरफुन्निसा : बोलू दे. काय नव्हतं विचारलं?

अरवा : देवीची साथ होती. तेव्हा टोचणं म्हणजे मुद्दाम तोच आजार द्यायचा. तिनं सगळ्या मुलांना बोस्टनला नेलं, टोचून घेतलं, आणि मग नवऱ्याला लेटर लिहिलं.

शरफुन्निसा : मेली असती एखादी, म्हणजे?

अरवा : एक-दोन मुलं खूप सिक झाली. पण सगळी जगली. थोरला तर पुढे प्रेसिडेंट झाला, वडिलांसारखा.

शरफुन्निसा : तो झाला म्हणून पुस्तक निघालं. ज्यांची गेली त्यांचं कोण लिहितंय?

सानिया : अम्मी, हॉर्न वाजवतायत.

शरफुन्निसा : ऐकू येतंय मला. बहिरी नाही झाले अजून. ...अरवा, इकडं ये. समोर उभी रहा. नाव काय तुझं?

अरवा : अरवा यूनुस—

शरफुन्निसा : चौकीवर असं म्हणालीस तर सगळी गाडी बसली. नाव काय?

अरवा : हुमा.

शरफुन्निसा : बापाचं?

अरवा : दादी, प्लीज.

शरफुन्निसा : बापाचं नाव, पोरी.

अरवा : ...कादिर.

शरफुन्निसा : मोठ्यानं. शिपाई माझ्यासारखा जवळ बसून ऐकणार नाही.

अरवा : कादिर! माझ्या अब्बांचं नाव कादिर!

शरफुन्निसा : बस. रडायचं नाही, रडलीस की संशय येतो. सानिया, स्वेटर घाल तिला. जेद्दाला थंडी नसते, पण वाटेत वाळवंट गारठतं.

सानिया : यूनुस आले आणि विचारलं, तर?

शरफुन्निसा : माझं नाव सांग. म्हणावं अम्मीनं पाठवली, माझं काही चाललं नाही. जा पोरी, मागं बघू नकोस. यल्ला!

...

शरफुन्निसा : पट्टी कशाला उचकटतेस? एवढी मरमरून चिकटवली.

सानिया : गाडी वळतेय, अम्मी. अजून दिसतेय.

शरफुन्निसा : ...जरा बाजूला हो. मलाही बघू दे.