धावणारा दिवा

ऐका रे. पेंगू नका. आज पाचवीची रात्र आहे. माझ्या पणतूच्या कपाळावर सटवाई लिहून जाईपर्यंत या घरात कुणी डोळा मिटायचा नाही. चहा हवा तर मागा, पण गोष्ट मी एकदाच सांगीन.

तर त्या रात्री तुमची आजी आत अडली होती. हीच, भिंतीला टेकून हसतेय ती. पहिलटकरीण, घरात दुसरं बाईमाणूस नाही, आणि मी पंचवीस वर्षांचा गडी नुसता खुळ्यासारखा अंगणात. सुईण अनशीकाकी राहायची नदीपल्याड. माझ्या धाकट्या भावाला, गोपाळला, तिच्याकडे पिटाळला. तो धावत गेला, निरोप सांगितला आणि तिच्याच पायरीवरून घसरून पाय मुरगळून बसला. काकी म्हणाली, "बस इथेच कण्हत. वाट मला ठाऊक आहे." कंदील उचलला, निघाली. अमावास्या नव्हती हो, उगाच कशाला खोटं सांगू. पण चंद्र उगवायला अवकाश होता, आणि घाईघाईत तिनं नदी उतरून डोहावरची वाट धरली.

डोहापाशी पोचते न पोचते तोच ज्योत फडफडायला लागली. वारा नाही, पान हलत नाही, आणि ज्योत फडफडतेय. एकदा फडफडली, दोनदा फडफडली, गेली. काडी ओढली, विझली. दुसरी ओढली, विझली. कुणीतरी शेजारी उभं राहून फुंकर मारत होतं. काकी समजली, हा चकवा.

मग समोर उजेड... काय म्हणालात मास्तर? चमकला? अहो, तुम्ही शाळेत शिकवता. चमकतं ते घासलेलं भांडं. हा लुकलुकला. आहे नि नाही, आहे नि नाही. काकी बघायला गेली की डावीकडे, तिकडे वळली की उजवीकडे. मग एकाचे दोन झाले, दोनाचे सात, आणि सगळे भिरभिर भिरभिर तिच्याभोवती. बाई काय म्हणाली असेल? "नाच मेल्या. मला वेळ नाही." पदर खोचला आणि सरळ चालायला लागली.

चालली, चालली, तर समोर वाकडं जांभळीचं झाड. पुन्हा चालली, पुन्हा तीच जांभळी. तिसऱ्यांदा जांभळी. इथे मात्र ती घाबरली. स्वतःसाठी नाही हो. तिकडे एक पोरगी एकटी अडलीय आणि वेळ चाललाय, म्हणून.

तेवढ्यात हाक आली, माझ्या आवाजात. "काकी, इकडे, लवकर." शपथेवर सांगतो, मी हाक मारली नव्हती. माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता, हिला विचारा. काकी वळून बघते तर आमचं घर. हीच ओटी, हीच तुळस, खिडकीत दिवा, आणि आत बाळ रडतंय. कुणीही धावलं असतं. तीही धावली. चार पावलं टाकली, पाचवं उचललं आणि थबकली.

का? कारण दिवा हलत नव्हता.

चाळीस वर्षं बाळंतपणं केलेली बाई ती. बाळंतिणीच्या घरात दिवा एका जागी राहतो होय? आत्ता खाटेपाशी, आत्ता चुलीपाशी, आत्ता दारात. भिंतीवर सावल्या नुसत्या पळत असतात. आणि इथे आत बाळ रडतंय, पण एक सावली इकडची तिकडे होत नाही. काकीनं वाकून खडा उचलला, पुढे टाकला. डुबुक्. अजून एक पाऊल, आणि बाई डोहात होती.

काकी तिथंच मटकन खाली बसली. आणि बसली म्हणून झाडांच्या फांद्यांखालून तिला लांबवर एक दिवा दिसला. मिणमिणता, पण काय त्याची लगबग. आत, बाहेर, आत, बाहेर, मध्येच अंगणात दोन गिरक्या. काकी म्हणाली, "हे खरं घर. इतका गोंधळ भुताला जमायचा नाही." उठली, आणि त्या दिव्यावर नजर ठेवून काट्याकुट्यांतून सरळ आली.

हसा, हसा. तो दिवा माझ्या हातात होता.

आली, मला बाजूला ढकललं, आत गेली. मग आतून ओरडली, "ए धाकू, नाच पुरे आता. आत ये नि दिवा धर." पुरुषानं आत जायचं नसतं. पण दुसरं होतं कोण? गेलो. पोर झालं, आणि गप्प. रडेना. काकी पाठ चोळतेय, तळव्यांना टिचक्या मारतेय, इकडे माझा हात थरथरतोय, तेल सांडतंय, अख्खी खोली हलतेय. काकी म्हणाली, "हात स्थिर कर. पोर हलतंय की तुझा दिवा, मला कळत नाही."

मी दिवा दोन्ही हातांनी छातीशी धरला. श्वास कोंडला. ज्योत उभी राहिली. भिंतीवरच्या सावल्या थांबल्या, काकीसुद्धा थांबली. आणि एकच गोष्ट हलली. पोराचा खालचा ओठ, एवढासा. थरथरला, पुन्हा थरथरला, आणि मग जे भोकाड पसरलं ते नदीपल्याड ऐकू आलं असं गोपाळ मरेपर्यंत सांगायचा. मी रडलो. हो, रडलो, त्यात लाज कसली.

ते पोर म्हणजे ही हौसा. आता स्वतः आजी झालीय, सकाळपासून नातवाला खाली ठेवत नव्हती, आत्ता कुठे निजवलाय.

चकव्याचं काय? दुसऱ्या दिवशी दिवसाउजेडी काकी डोहाकाठी उभी राहिली नि म्हणाली, "मेल्या, पुन्हा घर दाखवशील तर आधी एखादं बाळंतपण बघून ये." तरी अंधार पडल्यावर ती वाट धरू नका. हातात टॉर्च आहे म्हणाल, पण त्याला फुंकर मारायला कितीसा वेळ लागतो? आणि कधी चुकलातच, तर ज्या घरात दिवा आतबाहेर करत असेल तिकडे जा. तिथे तुमची वाट बघणारं कुणीतरी आहे.

थांबा, बोलू नका. हौसा, दिवा जरा जवळ आण. नीट धर गं, हात हलवू नकोस. बघा, या बाळाचाही ओठ थरथरतोय. झालं, उठला. आता कुणाला झोप लागते बघू.