किपरचं कालवण

अरे, नलिनीसारखं धाडस मला जन्मात जमलं नसतं. नातीची होणारी सासू, मॅरियन, आमच्या एडिनबरातल्या घरी पहिल्यांदाच जेवायला येणार होती. आदल्या दिवशी तिने खास आपल्या गावचे किपर पाठवले. किपर म्हणजे चिरून, खारवून धुरी दिलेला हेरिंग मासा. इथे तो नुसता लोण्यावर गरम करतात. आमच्या हिने, म्हणजे नलिनीने, तो सुक्या बोंबलासारखा पाण्यात भिजत घातला आणि ओलं खोबरं, कोकम घालून चक्क कालवण केलं!

मॅरियनने वाटीत पाहिलं. "हे माझे किपर?"

मला वाटलं, मोडलं लग्न. घाबरलो की मी शिकवायला लागतो. म्हटलं, "किपर हा मुळात हेरिंग नव्हेच. विणीच्या हंगामातल्या नर सॅमन माशाला किपर म्हणायचे. त्यालाही असंच खारवून धुरी देत, म्हणून पुढे हेरिंगलाही तेच नाव पडलं असावं. तांब्यासारख्या रंगावरून शब्द आला म्हणतात, पण मला खात्री नाही, कदाचित..."

"अहो, तिला जेवू द्या," नलिनी म्हणाली.

मॅरियनने भाताबरोबर एक घास खाल्ला आणि चमचा खाली ठेवला. "आता याला म्हणायचं काय?"

"किपरच," नलिनी शांतपणे म्हणाली. "त्या शब्दाने अख्खा मासाच बदललेला चालवून घेतला, तर माझं कालवणही चालवून घेईल."

मॅरियनने माझ्याकडे पाहिलं, मग नलिनीकडे, आणि वाटीतलं सगळं संपवून वाटी पुन्हा पुढे केली. "लग्नातही हेच ठेवा."